हळदीकुंकवाच्या वाणात माझी आई

आज संध्याकाळी घोडबंदर रोडला मुग्धाकडे, माझ्या मैत्रिणीकडे, हळदीकुंकवाला गेलेले. वाण म्हणून कापडी पिशवी मिळाली. उलगडून बघते तर पिशवीवर माझी आई!

म्हणजे मी काढलेलं तिचं चित्र. इथेच टाकलेलं, तुम्ही कित्येकांनी शेअर केलेलं. खालची माझी सही मात्र पुसलेली.

"मुग्धा, हे माझं चित्र आहे गं!"

"अगं, पिशव्या ऑनलाइन मागवल्यात. नेटवरून घेतलं असेल कुणीतरी. इतकं काय त्यात?"

शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, "काढणारीला नथ कुठे घालतात तेही माहीत नाही. उजवीकडे काढलीय!"

चूक माझीच. आईच्या सेल्फीवरून चित्र काढलेलं आणि सेल्फीत डावीकडची नथ उजवीकडे आलेली. मला ते कळलं तेव्हा चित्र पोस्ट झालेलं.

डोंबिवलीला घरी येऊन त्या दुकानाला मेसेज केला. उत्तर आलं, "चित्र तुमचंच कशावरून?" मग मला ब्लॉक केलं.

ती नथ दुरुस्त करायचं कधीपासून मनात होतं. आता हात धजत नाही. माझी म्हणावी अशी त्या चित्रात तेवढी चूकच उरलीय.

तुम्ही असता तर दुरुस्त केली असती?