हरताळातले श्वास

“आंदोलनाच्या त्या पाच दिवसांत एकही कामगार तपासणीला फिरकला नाही. मी रोज यंत्रापाशी वाट पाहत बसून राहिलो. कामगारांच्या या असहकारामुळेच शासनाला आमच्या संशोधनाचे अनुदान नाइलाजाने थांबवावे लागले.”

परळच्या ज्या वैद्यकीय संस्थेत मी प्रयोगशाळा सहायक म्हणून नोकरीची सगळी वर्षे काढली, तिच्या स्मरणिकेत आमच्या तेव्हाच्या संचालकांनी हे लिहून ठेवले आहे. कागद गुळगुळीत आहे, छपाई निर्दोष आहे आणि तीन वाक्यांपैकी एकही खरे नाही. संस्थेतले तरुण डॉक्टर आता हा मजकूर भाषणांतून उद्धृत करू लागले आहेत, म्हणून मला लेखणी उचलावी लागली. मी डॉक्टर नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या खोलीत मी होतो.

अनुदान दिल्लीचे होते. कापसाच्या धुळीने गिरणी कामगारांचा श्वास कोंडतो की नाही, एवढाच प्रश्न होता. पहिल्या वर्षाची प्रगती समाधानकारक वाटली तर दुसरे वर्ष मिळणार होते. त्यासाठी श्वास मोजण्याचे एक यंत्र आले होते: पाण्यात तरंगणारे पत्र्याचे पिंप आणि त्याला जोडलेली नळी. नळीत फुंकले की पिंप वर उचलले जाई आणि त्याची उंची मी वहीत लिही. कामगार त्याला सरकारी पिपाणी म्हणत.

तपासणीच्या यादीत लालबागला राहणारा एक मालवणी गृहस्थ होता. वीस वर्षे तो गिरणीच्या कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजला जाताना सर्वांत जास्त धूळ जिथे उडते तिथे, राबत होता. दुसऱ्या खात्यात बदली मिळावी म्हणून त्याने दोनदा अर्ज केला. गिरणीच्या डॉक्टरांनी दोन्ही वेळा “बिडीचा खोकला” असा शेरा मारून तो परत पाठवला. पहिल्याच दिवशी त्याने आमच्या संचालकांना विचारले, “सायबानू, बिडी मी आयतवाराकपण ओढतंय. मग छाती सोमवारी कामार गेल्यारच कशी धरता? बिडीक काय आयतवारची सुट्टी आसता?”

या प्रश्नाला उत्तर मिळावे म्हणूनच ते अनुदान होते. उत्तर शोधायची रीतही सोपी होती. माणसाने चार-पाच दिवस कापसापासून दूर राहावे, बिडी मात्र ओढत राहावी, आणि मग त्याचा श्वास मोजावा. अडचण अशी की कोणतीही गिरणी संशोधनासाठी पाच दिवस बंद राहणार नव्हती आणि कोणताही कामगार त्यासाठी पाच दिवसांचा रोज बुडवणार नव्हता. संचालकांनी दिल्लीला लिहिले. दिल्लीने कळवले, “योग्य ती व्यवस्था स्थानिक पातळीवर करावी.”

ती व्यवस्था अखेर संयुक्त महाराष्ट्राने केली. हरताळ पडला आणि गिरण्या सलग पाच दिवस बंद राहिल्या. रस्त्यांवर त्या दिवसांत जे घडले त्याची थट्टा मी करणार नाही. माझ्या चाळीतून दिसणाऱ्या नाक्यावर रक्त धुतलेले मी पाहिले आहे. पण संस्थेमागच्या त्या चाळीतून मी पहिल्या सकाळी फाटकाशी आलो, तेव्हा हा मालवणी तिथे आधीच उभा होता.

“आज फुंकूचा नाय काय?”

मी म्हटले, “अहो, यंत्राच्या खोलीची किल्ली साहेबांकडे, गिरगावात. आज बस नाही, ट्राम नाही.”

“पाय आसत मा?” असे म्हणून तो निघाला. लालबागच्या माणसाने, धापा टाकत, गल्लीबोळांतून गिरगाव गाठले आणि दुपारी किल्ली घेऊन परत आला. आल्या आल्या सांगू लागला, “सायबान दार बोटभर उघडल्यान. माका इचारता, ‘अशा दिवसांत लोक येतील का?’ मी म्हटलंय, मी इलंय तो कोण?”

लोक आले. यादीतले सगळेच्या सगळे, पाचही दिवस. हा कामगारांच्या लढ्याचाच एक कार्यक्रम होता, असे एक पुढारी पुढे सभांतून सांगत असत. तेही खोटे. कोणी आदेश दिला नव्हता. घरी बसून बायकोची बोलणी खाण्यापेक्षा पिपाणी बरी, असे त्यांतल्या एकाने मला स्वच्छ सांगितले होते. गिरणी बंद, हात रिकामे, म्हणून बिड्यांचा धूर दुप्पट. पायरीवर थोटकांचा खच पडे. एक दुसऱ्याला म्हणे, “फुंक रे, मोर्चात बोंबलतस तसो!” आणि पिंप रोज थोडे अधिक वर जाई. पाचव्या दिवशी मालवण्याने ते इतके उचलले की मला यंत्र बिघडल्याची शंका आली. मी स्वतः फुंकून पाहिले. यंत्र ठीक होते. बिडी निर्दोष सुटली होती.

मी आकडे नीट उतरवून दिले, संचालकांनी सही केली आणि अहवाल दिल्लीला गेला. तीन महिन्यांनी उत्तर आले. मंजुरीपत्रातील अटीनुसार मोजमापे कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेतच घ्यायची होती. सबब सुटीच्या दिवसांतील मोजमापे विचारात घेता येत नाहीत आणि ती वगळता प्रगती असमाधानकारक आहे. थोडक्यात, सरकारला कापसापासून दूर असलेला कामगार हवा होता, पण तो गिरणीत कामावर हजर असताना. दुसरे वर्ष मिळाले नाही. त्या पत्राला उत्तर पाठवा, अशी विनंती मी संचालकांना केली. ते म्हणाले, “तुम्ही पिंप पुसून ठेवा.”

मालवणी तिसरा अर्ज घेऊन आमच्याकडे आला होता, त्याला संस्थेचा दाखला जोडायचा म्हणून. दाखला देता आला नाही, कारण विचारात न घेतलेल्या श्वासाचा दाखला देत नाहीत. तो कार्डिंग खात्यातच राहिला. जाताना एवढेच म्हणाला, “म्हणजे सरकारच्या लेखी मी त्या पाच दिवसांत श्वास घेवकच नाय.”

आता असहकार कोणाचा होता आणि यंत्रापाशी कोण कोणाची वाट पाहत होते, याविषयी स्मरणिकेच्या वाचकांनी मनात येईल ते मानावे. माझ्या वयाचा, स्मरणशक्तीचा आणि पदव्यांच्या अभावाचा उल्लेख करणाऱ्यांनाही माझी हरकत नाही. संस्थेची हजेरी मी ठेवत असे, म्हणून एकच गोष्ट नोंदवतो. त्या दुपारी गिरगावाहून किल्लीबरोबर माझ्या नावे एक बंद पाकीटही आले होते, आणि त्यात संचालकांच्या हस्ताक्षरातला, परळपर्यंत येणे अशक्य असल्याचे कारण दिलेला, पाच दिवसांच्या रजेचा अर्ज होता.