हिंदीत बोला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि तिच्यापासून मी फारसं काही लपवत नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

आधी एवढं ऐका, की मला माझ्या आयुष्याचा अभिमान आहे. सुरतेच्या लिंबायतमधल्या माग कामगाराचा मुलगा मी — भारताचा राजदूत झालो. दोन देशांत माझ्या गाडीवर तिरंगा होता. पाच भाषांत न अडखळता बोललो. घरची अहिराणी मात्र त्यात धरत नव्हतो. सहकारी मला पुण्याचा समजत — मी समजू दिलं. हा अपराध म्हणायचा का? एवढाच असता, तर लिहायला बसलो नसतो.

आखातात एका कापड गिरणीच्या मालकाने आपल्या कामगारांचे पासपोर्ट दाबून ठेवले होते. सहा आठवडे झगडून मी त्यांना सोडवलं. ते काम माझंच — त्याचा अभिमान आजही सोडणार नाही. शेवटच्या दिवशी दूतावासात सह्या व्हायच्या होत्या. समोर तिथले अधिकारी, मालकाचा वकील. शेजारी माझे सहकारी. वकील म्हणाला, यादीतले सगळे आले. तेवढ्यात हिंमत नावाचा, थेट खेड्यातून आलेला कामगार हात जोडून पुढे आला.

"साहेब, मना भाऊ तठेच शे. त्याले भलता ताप शे."

तापाने फणफणलेला भाऊ अजून गिरणीतच होता, आणि त्याचं नाव यादीत नव्हतंच. मी हिंमतकडे पाहिलं. अहिराणीत उत्तर दिलं असतं, तर — शेजारच्यांना काय वाटलं असतं?

"हिंदीत बोला," मी म्हणालो.

त्याला हिंदी धड येत नव्हती. घाबरून तो "भाई, भाई" करत राहिला. आभार मानतोय, असं सगळ्यांना वाटलं. मी सही केली.

नंतर तरी गिरणीत कुणाला पाठवता आलं नसतं का? आलं असतं. पण मग सहकाऱ्यांनी विचारलं असतं — साहेब, तुम्हाला कसं कळलं?

दुसऱ्या एका कामगाराने हिंदीत सांगितलं, तेव्हा चार दिवसांनी रघुनाथ, हिंमतचा भाऊ, गोदामात सापडला. जगला. तापाने दोन्ही कान गेले.

निवृत्तीनंतर मी सुरतेत परतलो. गेल्या महिन्यात लिंबायतमध्ये माझा सत्कार झाला. लोकांच्या आग्रहाखातर अहिराणीत बोललो — झकास बोललो, टाळ्या थांबेनात. ऊर भरून आला. मग सुरतेतल्याच भेस्तानहून खास आलेला हिंमत रघुनाथला घेऊन स्टेजवर चढला. हार हातातच धरून त्याने हळूच विचारलं,

"साहेब, तवय तुमले समजनं व्हतं का?"

नाही रे, मी म्हणालो, त्या गडबडीत ऐकूच आलं नाही.

तो बरं म्हणाला. हार रघुनाथच्या हातात दिला. रघुनाथने तो हसत माझ्या गळ्यात घातला, फोटो निघाले.

मला समजलं होतं. शब्द न् शब्द.