खिम्याच्या भावात ट्रे

कॅनडातल्या सस्कॅचवानमधल्या आमच्या गावात चर्चची जेवणावळ दर ऑक्टोबरात होते, आणि होलुब्त्सी, म्हणजे खिमा-भात भरून वळलेली कोबीची पानं, एकोणीस वर्षं स्टेफानिया ह्रिन्चुककडेच आहेत. गेल्या वर्षी मात्र ती शेवटच्या दोन टेबलांना पुरली नाहीत. तीस किलो खिमा आणून कमी पडलाच कसा? बायका कुजबुजल्या, "घरी नेला असेल." तेव्हापासून स्टेफानियाला जेवण जाईना.

यंदा समितीची प्रमुख ओरिस्या खरेदीला मुद्दाम स्टेफानिया आणि माझ्याबरोबर आली. पहारा करायलाच, दुसरं काय!

दुकानात स्टेफानियाने एक किलोचा ट्रे उचलला आणि तडक बटाट्यांपाशी टांगलेल्या काट्यावर ठेवला. बरोबर एक किलो.

"भरलं की!" ओरिस्या म्हणाली.

"अगं शहाणे, ट्रेसकट भरलं. मग खिमा किती?"

तिने तिथेच प्लास्टिक फाडलं. खिम्याखालून रक्ताचं पाणी शोषून फुगलेली, बुळबुळीत कागदी घडी निघाली. ती चिमटीत धरून तिने काट्यावर टाकली, वर रिकामा ट्रे. चाळीस ग्रॅम! ही घाण आम्ही वर्षानुवर्षं खिम्याच्या भावाने घेत होतो. बंद पाकिटाचं वजन छापील आकड्यापेक्षा जास्तच भरायला हवं. तेवढंच भरलं, तर ट्रे आणि घडीही खिम्यात मोजलीय. तीस ट्रेंमागे जवळजवळ सव्वा किलो! दोन टेबलं तिथेच गेली.

मॅनेजर डॅरेल धावत आला. "बाई, हे काय मांडलंय? सगळीकडे असंच चालतं. हवं तर एक ट्रे फुकट न्या."

"फुकटचा तुझ्या ताटात वाढ. मला तीस किलो मांस दे, सुटं, माझ्या डोळ्यांदेखत तोलून."

त्याने निमूट तोलून दिलं.

गाडीत ओरिस्या पुटपुटली, "झालं गेलं विसर. स्वयंपाक तूच बघ."

"बघेन. पण मी खिमा घरी नेला असं ज्यांच्या कानात घातलंस, त्यांना आधी खरं सांग. तुझ्या तोंडाने."

रविवारी प्रार्थनेनंतर, कॉफीच्या टेबलापाशी ओरिस्याने चारपाच जणींना गाठून हळू आवाजात सुरुवात केली.

"ऐकू येत नाही गं," मागून स्टेफानिया म्हणाली. "मोठ्याने."