मापाडीमामांचं नाव

चैत्रातला शेवटचा रविवार, सकाळचे साडेसात. मंगळवार पेठेच्या टोकाला, नव्या बागेच्या फाटकाशी आम्ही नऊ माणसं उभी होतो: नगरपालिकेचे कारकून, पाटी रंगवणारा रंगारी, एके काळी एकमेकांच्या नडग्या फोडलेले आणि आता पोटं सुटलेले सहा खेळाडू, आणि मी. दहाव्या मामी, मापाडीमामांच्या बायको. त्या रस्त्यापलीकडे पिंपळाखाली थांबल्या होत्या. शुभकार्यात आपण पुढे नको, असं त्यांचं म्हणणं. फाटकाच्या खांबांना नुकताच चुना दिला होता. ओल्या चुन्याचा तो थंड, घशाला किंचित तुरट लागणारा वास आला आणि माझं कारकुनांच्या बोलण्याकडे लक्ष राहिलं नाही.

दहाएक वर्षांपूर्वी, संस्थान अजून विलीन व्हायचं होतं तेव्हा, ही जागा म्हणजे घाणेरीची झुडपं आणि फुटक्या कौलांचे ढीग होते. मापाडीमामांनी दोन उन्हाळे खपून ती साफ केली. गुळाच्या बाजारात ते मापाडी होते. सहा दिवस रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, वजनं करायची आणि रविवारी पहाटे बुडाला भोकं पाडलेला डबा घेऊन इथे फक्की मारायची. फक्की म्हणजे चुन्याची पूड. ती डब्यातून झरत जायची आणि तांबड्या मातीवर मैदानाच्या पांढऱ्या रेघा उमटायच्या. मामांच्या अंगाला गुळाचा वास आणि धोतराला चुन्याचा. त्यांनी चेंडूला पाय लावलेला मी कधी पाहिला नाही. पण चेंडूत हवा भरणं, त्याची वादी आवळणं, खरचटलेल्या गुडघ्यांना हळद लावणं, हे सगळं त्यांच्याकडे. मैदान लांबीला एकशे आठ पावलं आणि रुंदीला सदुसष्ट. मी स्वतः मोजलं आहे, आणि मामांच्या गाठी मारलेल्या सुंभाशी ते दर वेळी जुळलं आहे.

एकदा पलीकडच्या पेठेशी चुरशीचा सामना होता. खेळ सुरू होण्याआधी मामा सुंभ घेऊन दोन्ही गोल मोजायला गेले. आमच्या बाजूचा बांबू कुणीतरी रात्रीतून वीतभर आत सरकवलेला निघाला. कुणी ते पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. मामांनी कुणाला विचारलं नाही. भरल्या मैदानात त्यांनी बांबू उपटला आणि जागच्या जागी रोवला. गर्दीतून आमच्यातल्याच एकाने टोमणा मारला, "मामा, मीठ कुठल्या पेठेचं खाता?"

मामा हात झटकत म्हणाले, "मीठ न्हाय, गूळ खातो. आन माप म्हंजे माप. पेठ कुठली का असंना."

आम्ही एका गोलने हरलो, आणि चेंडू गेला तो नेमका त्या वीतभर जागेतून. आठवडाभर पेठेत मामांशी कुणी धड बोललं नाही. मीही नाही, हे कबूल केलेलं बरं. रविवारी सकाळी पाहिलं तर रेघा मारलेल्या होत्या, नेहमीसारख्याच सरळ.

पुढे दोन बाजूंनी घरं आली, मैदान आखडलं, सामने दुसरीकडे गेले. मामाही वारले. उरलेल्या तुकड्यावर नगरपालिका मुलांसाठी बाग करणार असं कळलं, तेव्हा तिला मामांचं नाव द्यावं असा अर्ज आम्ही केला. तो लिहिला मी. आकडे सगळे तपासून घातले आणि नावाच्या जागी 'श्री. मापाडी' लिहिलं. उद्घाटनाला तीन दिवस उरले असताना कारकुनांनी पाटी पाहून विचारलं, "हे आडनाव, का धंदा?" वीतभर चूक खपवून न घेणाऱ्या माणसाचं नाव मी अंदाजाने लिहिलं होतं. मूल नाही, मूळ गाव कोडोली, पण तिकडच्या कुणाचं येणंजाणं नाही, बाजारात सगळे मापाडीच म्हणायचे. रविवारपर्यंत नाव मिळालं नसतं, तर बागेला कायमचा धंदाच चिकटला असता.

मामींकडे गेलो. आडनाव त्यांनी लगेच सांगितलं. नावाशी अडलं. नवऱ्याचं नाव त्या कसं घेणार? मी म्हटलं, उखाण्यात घ्या. त्यांनी मान हलवली. "उखाणं ते असताना. आता कुणासाठी घ्यायचं, भाऊ?"

मग त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "डोंगरावरचा देव हाय की न्हाय? चैतात ज्याच्या काठ्या नाचत्यात? त्योच."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मामी वर्षानुवर्षं कुरकुरायच्या, "ऐतवारी डोंगरावर जायचं सोडून ह्ये फक्की मारत बसत्यात." सगळी पेठ जोतिबाला जोतिबा म्हणते आणि या एकट्या 'डोंगरावरचा' म्हणतात, हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं. आकड्यांचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्या कानाने ते एकदाही टिपलं नव्हतं.

"जोतिबा?" मी विचारलं. मामींनी नुसती मान खाली घातली.

रंगाऱ्याने रात्र जागून पाटी पुन्हा रंगवली. जुनं अक्षर खरवडलेलं जवळून पाहिलं तर अजून दिसतं. रविवारी सगळे पांगल्यावर मामी रस्ता ओलांडून आल्या. त्यांना वाचता येत नाही. "बराबर लिवलंय न्हवं?" त्यांनी विचारलं. मी पाटी मोठ्याने, अक्षर न् अक्षर वाचून दाखवली. त्यांनी ती ऐकली, आणि खांबाच्या ओल्या चुन्याला बोट लावून पाहिलं.

आता पेठेतली पोरं संध्याकाळी "जोतिबाच्या बागेत चाललो" असं सांगून घराबाहेर पडतात. भाजीवाल्या तिथलाच पत्ता देतात, टांगेवालेही. दिवसातून किती वेळा ते नाव घेतलं जातं, हे मोजायचा मी एकदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. काल मामी वाटेत भेटल्या. कुठे निघालात, म्हणून विचारलं.

"हितंच," त्या म्हणाल्या, "पोरं खेळत्यात तितं."