भाकरी उलटेपर्यंत

मेव्हणीने मंगळवेढ्याहून फोन केला तो पास मिळाल्याचं सांगायला. रविवारी सकाळी सोलापुरात वकीलसाहेब येणार होते. वकीलसाहेब म्हणजे रोज संध्याकाळच्या मालिकेत वकिलाचं काम करणारे नट. त्यांच्या चाहत्यांनी मेळावा ठरवला होता आणि तिथे ते बोलणार होते. मी नको म्हणालो. पुस्तकं आवरायची राहिली आहेत, असं काहीतरी कारण दिलं.

"पुस्तकं काय पळून जात्यात व्हय, दाजी? अक्का असती तर पयल्या रांगंत बसली असती."

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, माझी बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

न जाण्याचं खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिचे फोटो घरात पुष्कळ आहेत, पण आवाज कुठेही नाही. मोबाईल समोर धरला की ती तोंडाला पदर लावून गप्प व्हायची. आणि तो आवाज माझ्या कानातून हळूहळू निघून चालला होता. तिचं बोलणं आठवायचं, पण पुस्तकात वाचावं तसं, माझ्याच आवाजात. एकच वाक्य तिच्या आवाजात शिल्लक होतं आणि तेही तिचं नव्हतं, वकीलसाहेबांचं होतं.

मालिकेत ते कोर्टात उठून म्हणत, "जरा थांबा. माझं अजून संपलेलं नाही." आमच्या घरी हे वाक्य स्वयंपाकघरात व्हायचं. जेवताना माझं लक्ष अर्धवट ठेवलेल्या पुस्तकाकडे असे. मी ताट उचलायला लागलो की ती आवाज जाड करून म्हणायची, "जरा थांबा." मग तव्यावरची भाकरी उलटायची. मी ताटाला हात लावून तसाच बसलेला. भाकरी शेकून झाली की उरलेलं वाक्य यायचं आणि वाक्याबरोबर भाकरी माझ्या ताटात.

खरा माणूस तेच वाक्य समोर उभं राहून बोलला, तर माझ्या कानातली नक्कल पुसली जाईल, अशी मला धास्ती वाटत होती. म्हणून मालिका रोज लावली तरी मी टीव्हीचा आवाज बंदच ठेवत असे. वकीलसाहेब उठायचे, तोंड हलवायचे आणि बसायचे.

तरीही रविवारी गेलो. मेव्हणी सकाळच्या एसटीने आली ती ठेवणीतली साडी नेसून. सभागृह भरलेलं होतं, बायकाच जास्त. माइक मधूनच किंचाळत होता. प्रास्ताविक लांबलं. मग एकेक जण येऊन सोलापुरी चादर पांघरवून सत्कार करू लागला, आणि तीन चादरींच्या ओझ्याखाली वकीलसाहेब घामाघूम झाले. मेव्हणी माझ्या कानाशी म्हणाली की, टीव्हीत हे एवढे उंच दिसतात, हितं बघा की, आमच्या पोस्टमनएवढेच हायत.

ते बोलायला लागले तेव्हा मी मान खाली घातली. बोलणं मात्र साधं होतं. त्यांनी सांगितलं की ते प्रसिद्ध वाक्य कुणी लिहिलेलंच नव्हतं. चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी पुढचं सगळं विसरायला झालं, ते आठवेपर्यंत वेळ काढायला म्हणून तोंडातून निघालं, आणि पुढे तेच राहिलं. लोक हसले. मग मागून कुणीतरी ते वाक्य म्हणा म्हणून ओरडलं आणि सगळं सभागृह तेच मागू लागलं.

मी उठून बाहेर जायला हवं होतं, पण रांगेच्या मधोमध बसलो होतो. मांडीवर हात घट्ट दाबून धरले.

त्यांनी वाक्य म्हटलं. एका दमात, कुठेही न थांबता. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मात्र अजून पहिल्या दोन शब्दांपाशीच होतो. माझे कान भाकरी उलटायची वाट बघत होते. ती उलटली, आणि मग उरलेलं वाक्य मला ऐकू आलं, तिच्या आवाजात, जाड केलेल्या आणि शेवटी शेवटी हसू आवरणाऱ्या. ते शेवटचं हसू मी विसरलोच होतो.

मेव्हणी टाळ्या वाजवत नव्हती. कपाळाला आठ्या घालून ती व्यासपीठाकडे बघत होती.

"लई घाई केली ह्यांनी," ती म्हणाली. "अक्काचं बरं हुतं."

"ती मधे थांबायची," मी म्हणालो.

"थांबणारच की. ह्यांच्या हातात भाकरी कुटं हाय, दाजी?"

मला हसू फुटलं. खूप दिवसांनी असं मोठ्याने हसलो. पुढच्या रांगेतल्या एक बाई वळून रागाने बघू लागल्या, तेव्हा मेव्हणीने पदर तोंडाला लावला, अगदी बहिणीसारखा, आणि त्यामागे तीही हसत राहिली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. माझेही आले असावेत. मी चष्मा काढून पुसला.

नंतर तिने रांगेत उभं राहून वकीलसाहेबांबरोबर फोटो काढून घेतला. मी बाहेर पायऱ्यांवर तिची वाट बघत बसलो. ऊन चांगलंच तापलं होतं, तरी सावलीत जावंसं वाटलं नाही. मनातल्या मनात ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकून पाहिलं. दर वेळी ते मधे थांबत होतं.

सोमवारी संध्याकाळी जेवायला बसताना मालिका लावली आणि टीव्हीचा आवाज मोठा केला. कोर्टात वकीलसाहेब उठले, वाक्य म्हणून बसलेसुद्धा. मी ताटाला हात लावून थोडा वेळ तसाच थांबलो.