मोटारीला नाही म्हणणारी पेठ

लढाई संपल्याच्या दुसऱ्या वर्षी मी नवऱ्याबरोबर नैरोबीला निघाले. वसईच्या जुन्या पेठेत, आमच्या दुकानासमोर बैलगाडी उभी होती आणि तिच्यात आमच्या दोन ट्रंका. ही गाडी आम्हाला स्टेशनावर नेणार नव्हती, फक्त तळ्यापलीकडच्या मोटारस्टँडपर्यंत नेणार होती, कारण मोटार पेठेत येत नसे. तिला येऊ दिले नव्हते ते माझ्याच वडिलांनी, नानांनी.  ट्रंका चढवताना शेजारचा कासार म्हणाला, की निदान लेकीसाठी तरी एक दिवस मोटार दारात आणायची होती. नानांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि बैलांच्या जुवाची दोरी उगाचच पुन्हा आवळली.

आमचे दुकान सुकेळ्यांचे. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली आगाशीहून येत, पण केळीच्या वाळल्या पानात बांधण्याआधी नाना त्यांना दुकानासमोर बांबूच्या तट्ट्यांवर शेवटचे ऊन देत. गिऱ्हाईक त्या तट्ट्या बघूनच थांबे. लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा सांडोरच्या इनासकाकांनी कोळशाच्या गॅसवर चालणारी उतारूंची मोटार आणली आणि तिच्यासाठी पेठेच्या तोंडाशी जागा मागितली. ती मोटार म्हणजे चालती भट्टी. पहिल्याच दिवशी तट्ट्यांवरचा सगळा माल काळा पडला, आणि मी ओल्या फडक्याने काजळी पुसत बसले. नानांनी दुकानदार गोळा केले आणि पेठेने एकमुखाने नाही म्हटले. पुढे लढाई संपली, पेट्रोल आले, धूर गेला, तरी पेठेचे नाही ते नाहीच राहिले. चारचौघांत बोललेला शब्द मागे कोणी घ्यायचा, यावर घोडे अडले होते.

नैरोबीत नवऱ्याला रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी, राहायला क्वार्टर. बाजाराच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी आपल्या लोकांच्या दुका. इथे दुकानाला दुका म्हणतात. आज कापड विकणारा सहा महिन्यांनी सायकली विकताना दिसे, आणि पाटी रंगवून वाळायच्या आत गिऱ्हाईक आत. त्यांचा तो उतावळेपणा मला आवडे आणि त्याचाच रागही येई. मग मी शेजारच्या कच्छी बाईला आमच्या पेठेच्या गोष्टी सांगत सुटे: बंदरात गलबते लागत, विड्याच्या पानांच्या करंड्या लाहोरपर्यंत जात, दिवाळीत पेठेतून धड चालता येत नसे. सांगता सांगता माझ्याच लक्षात येई, की यातले निम्मे मी निघाले तेव्हाच उरले नव्हते. तरी मी सांगत राही. संध्याकाळी जिको, म्हणजे इथली कोळशाची शेगडी, पेटवली आणि धूर निघाला, की माझ्या तोंडून आधी निघे, "सुकेळी झाका." नवरा हसे. मला हसू यायचे नाही.

मनातल्या मनात मी रोज परत जात होते. आमचे दुकान मी किती वेळा नव्याने मांडले असेल कोण जाणे. तुमच्यापैकी जे तिथेच राहिले त्यांना हे चाळे वाटतील. जे माझ्यासारखे निघाले, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

काही वर्षांनी रजा मिळाली आणि मुलीला घेऊन मी वसईला आले. कासार भाईंदरला मुलाकडे गेला होता. पानवाल्यांच्या दाराला कुलूप होते, कारण लाहोर आता दुसऱ्या देशात. तळ्यापलीकडे स्टँडवर मात्र हॉटेल झाले होते, शिंपी बसला होता, सायकलवाला आला होता. पाचूबंदरची पारूमावशी मासळीची टोपली घेऊन पेठेतून जाई, ती मला बघून थांबली. म्हणाली, "बंदरात पानी नाय, पेठेत मानूस नाय. तुजा बापूस मात्र तितंच बसलाय."

उरलेल्या दुकानदारांना उशिरा का होईना जाग आली होती. मोटार पेठेत आणायची असे ठरले. इनासकाकांकडे जायचे कोणी, तर ज्यांनी नाही म्हटले होते त्यांनीच. नानांनी चार दिवस आज-उद्या केले आणि मग मला म्हणाले, तू चल बरोबर.

इनासकाका सांडोरला वाडीत केळींना पाणी लावत होते. त्यांनी खुर्च्या मांडल्या, चहा आणवला. नाना केळींवर बोलले, वाऱ्यावर बोलले, विहिरीवर बोलले. मोटारीचे नाव नाही. शेवटी माझ्याने राहवेना आणि मीच विषय काढला. इनासकाकांनी मागचे काही उगाळले नाही. स्टँड हलवता येणार नाही, म्हणाले, तिथे माणसांनी धंदे मांडले आहेत. पण सकाळी भाजीवाल्या बायकांना घेऊन मोटार स्टेशनाला जाते, ती पेठेतून नेता येईल, तिथे थांबवताही येईल. "पन नाना, रस्ता मोकळा पायजे. तुमच्या तट्ट्या आत घ्याव्या लागतील."

 परतताना नाना चालता चालताच म्हणाले, "तट्ट्या गेल्या की दुकान सुकेळ्यांचं राहत नाही. दुसरं काही मांडावं लागेल, आणि ते माझ्या एकट्याच्यानं व्हायचं नाही. तुम्ही परत येणार असाल तर तट्ट्या काढतो. खरं सांग."

इतकी वर्षे मी याच प्रश्नाची वाट बघत होते. आणि त्याच दिवशी सकाळी माझी मुलगी मला विचारत होती, की आपण घरी कधी जायचे. तिचे घर म्हणजे नैरोबी. नवऱ्याची नोकरी, तिची शाळा, सगळे डोळ्यांसमोर आले, आणि त्यांच्या आड लपताना स्वतःचीच लाज वाटली, कारण खरे म्हणजे मला त्या रिकाम्या पेठेत बसवले नसते. मी म्हटले, "नाही येणार, नाना."

ते तसेच पुढे चालत राहिले. आता पेठ संपली आणि ती मीच संपवली, असे मला वाटले. रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी बाहेर येऊन बघते तो नाना तट्ट्या सोडवून माळ्यावर चढवत होते. मी विचारले, आता कोणासाठी?

"मोटारीत बायका बसायच्या आहेत ना," ते म्हणाले. "त्या काय तुला विचारून येणार आहेत?"

रजा संपली तेव्हा मी त्याच मोटारीने निघाले. तट्ट्यांच्या जागी नानांनी एक बाक टाकले होते आणि धूळ उडू नये म्हणून रस्त्यावर पाणी मारले होते. सुकेळी आत फळीवर गेली होती, बाहेर दोऱ्या आणि टोपल्या टांगल्या होत्या. मोटार सुटली तेव्हा नाना एका भाजीवालीला टोपली दाखवत होते. त्यांनी हात वर केला, पण मान वळवली नाही. मला राग आला. अगदी स्टेशनापर्यंत आला.

आता इथे कोणी विचारले, घरी कधी जाणार, की मला पटकन उत्तर देता येत नाही. पेठ माझ्यासाठी थांबून राहिली आहे असे वाटत होते, तोवर मी कधीही परत जाऊ शकत होते. आता ती माझ्यावाचून चालू लागली आहे. मला तिथे जायचे तर त्या बायकांसारखे रस्त्याच्या कडेला उभे राहावे लागेल, आणि जागा मिळते का ते बघावे लागेल.