चौसष्ट स्क्रूंची बरणी

गल्लीत त्यांना सोनेरी काका म्हणतात. जुनी फ्रेंच कपाटं दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. दिवसभर हात सोन्यात आणि शर्टाला सरसाचा वास, असं काकू म्हणतात.

या खेपेचं कपाट तीन खणांचं, फुगीर पोटाचं. वरची संगमरवरी लादी भिंतीशी उभी करून ठेवलेली. आडवी धरली तर स्वतःच्याच वजनाने तडकते. कोपऱ्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली ब्राँझची पानं. ती उतरवून कोमट पाण्याने धुवायची. काका पुठ्ठ्यावर प्रत्येक पानाचं चित्र काढत आणि त्याचे स्क्रू त्या चित्रातच खोचून ठेवत. हे स्क्रू जुन्या काळी हाताने कापलेले. एकाचा आटा दुसऱ्याच्या भोकात बसत नाही.

बुधवारी काकांचे गुडघे धरले आणि ते दुपारी आडवे झाले. त्यांना तेवढाच हातभार म्हणून काकूंनी खोली आवरली. पुठ्ठा भिजून कुबट झाला होता. तो टाकला आणि चौसष्ट स्क्रू पुसून एका बरणीत भरले.

काका उठले, त्यांनी बरणी पाहिली आणि सगळे स्क्रू जमिनीवर ओतले. रागावले असते तर काकूंना बरं वाटलं असतं. हे कपाट ज्या दुकानदाराचं, तो शनिवारी ते न्यायला टेंपो घेऊन येणार होता. पुन्हा उशीर झाला तर पुढची कामं दुसरीकडे, असं त्याने मागच्याच वेळी हसत हसत सांगितलं होतं.

दोन दिवस दोघं जमिनीवर बसून होती. स्क्रू उचलायचा, दोन वेढे फिरवायचा, अडला की काढायचा. काकांच्या डोळ्यांना पाणी यायला लागलं, तेव्हा काकू बोटांनी आटे चाचपू लागल्या. भाजी निवडावी तसे त्यांनी ढीग घातले.

"लग्नाला बत्तीस वर्षं झाली, कधी हत्याराला हात लावू दिला नाहीत, आणि आता राबवताय," त्या म्हणाल्या. काका कसनुसं हसले.

शनिवारी सकाळी एक पान उरलं आणि एकच स्क्रू. तो अर्ध्यात अडला. म्हणजे मागे कुठेतरी जवळपास सारख्या आट्याचा दुसराच स्क्रू चुकीच्या भोकात बसला होता. काकांनी सरसाच्या भांड्याकडे पाहिलं.

"लावा चिकटवून," काकू हळूच म्हणाल्या. "कुणाला कळणार नाही."

"मला कळेल गं."

काकांनी भांड्यावर झाकण ठेवलं आणि दुकानदाराला फोन करून सोमवारी यायला सांगितलं. पुढच्या कामाचं बघू, एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

काका परत खाली बसले. काकूंनी पहिल्या पानाचा स्क्रू उलटा फिरवायला घेतला. त्याआधी कोरा पुठ्ठा ओढून त्यावर पेन्सिलने पान काढलं. ते जरा कोबीसारखं झालं होतं.